पीजी सोडून बाकी सगळं

गजभिये साहेबांना आपल्या नावाचं फार वेड. दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात त्यांनी उभी हयात काढली आणि त्या खोलीत जे जे हाताला लागलं त्याच्यावर ‘पीजी’ लिहून ठेवलं. पुरुषोत्तम गजभिये. पाणी प्यायच्या स्टीलच्या ग्लासावर ठोकून घेतलेलं पीजी, खुर्चीच्या पाठीवर व्हाइटनरने पीजी, पंच मशीनवर पीजी, छत्रीच्या दांड्यावर पीजी. मिनल नवी लागली तेव्हा ती चुकून त्या ग्लासातून पाणी प्यायली. साहेबांनी ग्लास घासून आणला आणि अक्षरं तिच्याकडे येतील असा तिच्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून विभागात काही सापडेनासं झालं की ‘पीजीने नेलं असेल’ म्हणून हसायची पद्धत पडली, आणि हसण्यात मिनल सगळ्यात पुढे असायची.

दवाखाना ट्रस्टचा, नागपूरच्या उत्तर अंगाला. कोराडीच्या वीजकेंद्राकडून येणाऱ्या बसमधून उतरणारी, राखेने केस पांढरे झालेली माणसं इथेच येतात, कारण पुढच्या मोठ्या इस्पितळांत शिरायची त्यांची छाती होत नाही. सिकलसेलचे पेशंट इथे फार. ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांना त्याचं नावही धड माहीत नसतं, आणि ज्यांच्या घरात आहे त्यांना दुसरं काही सुचत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडं ठणकतात, अंगातलं रक्त उतरतं आणि मग बाहेरचं रक्त चढवावं लागतं.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ज्याला वारंवार दुसऱ्याचं रक्त चढतं, त्याचं शरीर कधी कधी काही ठरावीक रक्तावर डूख धरतं. गट तोच असला तरी. हा राग काही महिन्यांनी झोपी जातो. इतका की तपासणीत दिसतही नाही, आणि रक्त जुळलं असा शिक्का बसतो. तेच रक्त पुन्हा गेलं की मात्र तो जागा होतो आणि आलेलं रक्त तर फोडतोच, पण काही पेशंटांमध्ये स्वतःचंही फोडत सुटतो. म्हणून अशा माणसाचा जीव आजच्या तपासणीवर नसतो. जुन्या नोंदीवर असतो.

ती नोंद ठेवायची सोय गजभियांनी स्वतःहून केली होती. कुणी सांगितलं नव्हतं. रक्तपेढीत बसून, डॉक्टरांच्या मागे लागून त्यांनी असे पेशंट हुडकले, डेटाबेसमध्ये त्यांचं एक टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, केलं आणि त्या टेबलावर एक व्ह्यू बांधला. व्ह्यू म्हणजे टेबल नव्हे. टेबलात पडलेली माहिती हवी तेवढी दाखवणारी खिडकी. अशा पेशंटसाठी रक्त मागवायचं पान उघडलं की त्या खिडकीतून बातमी यायची आणि पानाच्या डोक्यावर लाल पट्टी उमटायची: ‘थांबा. हे रक्त चालणार नाही. रक्तपेढीला विचारा.’ टेबलाचं नाव पीजी_रक्त. व्ह्यूचं नाव पीजी_इशारा. साहेबांचं काम म्हटल्यावर नावापुढे पीजी आलंच.

मग ते निवृत्त झाले आणि काटोलला आपल्या घरी जाऊन बसले. जाताना मिनलला म्हणाले होते, काही अडलं तर फोन कर. तिने एक-दोनदा केलाही. पण साहेबांचा फोन म्हणजे अर्धा वेळ गुडघ्यांचा आणि अर्धा वेळ ‘माझ्या काळात’चा. कामाचं त्यात मुठीत मावेल एवढंही नसायचं. पुढे पुढे तिने फोन करणं सोडून दिलं.

यंदा ट्रस्टने नवं सॉफ्टवेअर विकत घेतलं. जुना सर्व्हर बंद करून सगळी माहिती नव्यात न्यायची होती. नव्या कंपनीचा माणूस ऋषिकेश, बोलायला गोड पण घाईचा. त्याने मिनलकडे एकच गोष्ट मागितली: जुन्या डेटाबेसमध्ये तुम्ही लोकांनी केलेली जेवढी टेबलं आणि व्ह्यू आहेत त्यांची पक्की यादी. यादीत असेल ते नव्यात येईल, यादीत नसेल ते येणार नाही. मग सर्व्हर भंगारात.

डेटाबेस स्वतःबद्दलची माहितीसुद्धा स्वतःच्याच पोटात ठेवतो. कोणती टेबलं आहेत, कुणी केली, कोणत्या खिडक्या कशावर बसवल्या, हे सगळं त्याच्या आपल्या खास टेबलांत लिहिलेलं असतं. त्याला कॅटलॉग म्हणतात. कॅटलॉगला विचारलं की तो सगळ्यांची नावं सांगतो, पण त्यात त्याची स्वतःची टेबलंही ढीगभर येतात आणि आपली त्यांत हरवून जातात. म्हणून त्याची वगळून आपली तेवढी मागायची असतात. आता दवाखान्यातला डेटाबेस होता पोस्टग्रेस. त्याच्या घरच्या टेबलांची नावं सुरू होतात ती ‘पीजी’पासून. पी आणि जी. ही अक्षरं त्याला त्याच्याच नावातून आलेली. काटोलच्या गजभियांशी त्यांचा काही संबंध नाही.

खरं तर नावावरून वगळायचंच नसतं. डेटाबेस आपलं सामान वेगळ्या कप्प्यात ठेवतो. कप्पा विचारावा, नाव नाही. मिनलला हे ठाऊक होतं. सीताबर्डीच्या क्लासमध्ये सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. पण नावाने वगळणारी ओळ आखूड असते आणि बोटांना तीच सवयीची. ‘ज्यांची नावं पीजीपासून सुरू होतात ती सोडून बाकी सगळं दे.’ तिने लिहिलं, कॅटलॉगने दिलं. यादी कशी स्वच्छ, नेटकी आली. तिला बरं वाटलं. वर्षानुवर्षं ज्या अक्षरांवर ती हसत आली होती, तीच अक्षरं आपण आत्ता गाळली, हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

टेबलं आली, व्ह्यू आले, इकडचा आकडा तिकडच्या आकड्याला जुळला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटच्या पानाच्या डोक्यावर इशाऱ्यासाठी एक चौकोन होता, पण तो भरायला काही आलंच नव्हतं. रिकाम्या चौकोनात नवं सॉफ्टवेअर दोन शब्द दाखवायचं: ‘नोंद नाही.’ लाल पट्टीचे पेशंट मोजकेच. ती दिसेनाशी झाली, हे पहिले काही आठवडे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग पायल आली. कोराडीच्या देवाजी आणि भीमाबाईंची मुलगी, गांधीबागेत कपड्यांच्या ठोक दुकानात साड्यांच्या घड्या घालायची. देवाजी ठेकेदाराकडे राखेच्या ट्रकवर. पायलला दुकानातच दुखणं उठलं, दुकानवाल्याने ऑटोत घातलं आणि भीमाबाई कोराडीहून परस्पर दवाखान्यात पोचल्या. रक्त फार उतरलं होतं. चढवायचं ठरलं. तेव्हा भीमाबाईंनी वॉर्डातल्या यमुताई सिस्टरला अडवलं. हिला साधं रक्त चालत नाही, अलग लागतं, मागे डॉक्टरांनी सांगितलं होतं. कार्ड दिलं होतं त्याचं, पण ते घरात पाणी शिरलं तेव्हा भिजून लगदा झालं.

यमुताई जुनी सिस्टर. तिने बाईला झिडकारलं नाही. स्क्रीन उघडून पाहिला, तिथे ‘नोंद नाही’. रक्तपेढीला विचारलं, तर तिथल्या नव्या पोराने सांगितलं की रक्त जुळलेलं आहे, शिक्का आहे. तरी तिचं समाधान होईना. तिने भीमाबाईंना खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात धाडलं आणि मागोमाग मिनलला फोन लावला. जुन्यातलं सगळं नव्यात आलंय का, एवढंच तिने विचारलं.

भीमाबाई दारातच उभ्या राहिल्या. चपला बाहेर काढल्या होत्या.

“मॅडम, त्या मशीनीत पाहा ना एकडाव. माया पोरीले अलग रक्त लागते. पह्यले लाल येत होतं तिच्या नावावर.”

मिनलने त्यांना बसवलं. ती वाईट नव्हती, कामचुकार तर मुळीच नव्हती. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे लोकांनी तिला दोन्ही ठरवलं. तिने पायलचं पान उघडलं, ‘नोंद नाही’ वाचलं, आणि तेवढ्यावर न थांबता जुन्या सर्व्हरकडे वळली. तो अजून कोपऱ्यात घुरघुरत होता. तिने कॅटलॉगला पुन्हा विचारलं, सगळी टेबलं, सगळे व्ह्यू दे. तीच ओळ, त्याच सवयीने. यादीला यादी तंतोतंत जुळली. त्याच चाळणीने पुन्हा चाळल्यावर वेगळं काय पडणार होतं?

“ताई, सगळं आलंय,” तिने फोनवर यमुताईला सांगितलं. “मी आत्ताच परत तपासलं. एकही टेबल राहिलं नाही.”

मग तिने स्क्रीन भीमाबाईंकडे वळवला आणि समजावून सांगितलं, मावशी, इथे तसं काही असतं तर आलं असतं. भीमाबाईंना अक्षरओळख होती. त्यांनी ‘नोंद नाही’वर बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं. एवढं मोठं मशीन. समोर शिकलेली पोरगी, तीही प्रेमाने बोलणारी. बाईच्या चेहऱ्यावरचा हट्ट उतरत गेला.

“मंग मीच चुकली असन,” त्या म्हणाल्या. “डोकं नाही राहत आता ठिकानावर.”

मिनलने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. काळजी करू नका म्हणाली.

रक्त चढलं. पायलला उतार पडला. घरी जाताना ती लिफ्टपाशी उभी होती, ओठाला रंग लावलेला, आईची पिशवी आपल्या हातात घेतलेली. मिनलकडे पाहून हसली. मिनललाही बरं वाटलं. कॉम्प्युटरवाल्यांना बरा झालेला पेशंट क्वचितच दिसतो.

आठवडा सरला नसेल, पायल परत आली ती स्ट्रेचरवर. डोळे हळदीसारखे पिवळे. लघवी बिनदुधाच्या चहासारखी काळी. रक्त चढवण्याआधी होतं त्याहूनही खाली उतरलं होतं. तपासणी केली, तर या वेळी रक्त जुळेना. जे झोपलं होतं ते जागं झालं होतं. डॉक्टरांच्या लक्षात आलं, पण नेमकं कशावर डूख आहे ते कळायला वेळ लागणार होता, आणि आधीची काही नोंद असती तर, असं ते म्हणाले. यमुताई जिना उतरून स्वतः खाली आली. ती ओरडली नाही. भीमाबाई खोटं बोलत नव्हत्या, एवढंच म्हणाली आणि उभी राहिली.

मिनलने काटोलला फोन लावला. साहेबांनी गुडघ्यांपासून सुरुवात केली, तिने मध्येच तोडलं. साहेब, लाल पट्टी कुठून यायची?

“पीजी_इशारा,” गजभिये म्हणाले. “व्ह्यू आहे. पाह्यला नाही का तू?”

“यादीत नाही तो, साहेब.”

“यादी कशी काढली?”

तिने सांगायला तोंड उघडलं. पीजी सोडून बाकी सगळं, हे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडले आणि तिचे तिलाच ऐकू आले. गजभियांनी विचारलं, पेशंट कोण आहे. तिने नाव सांगितलं.

“देवाजीची पोरगी,” साहेब म्हणाले. “तिची नोंद मीच टाकली होती. मिनल, लोक हसायचे मले, मालूम आहे मले. पन नाव काहून टाकलं सांगू? नाव राह्यलं तं पुसून टाकायच्या आधी कोनी तरी मले विचारन, असं वाटलं होतं.”

तिने ओळीतली ती अट काढून टाकली आणि कॅटलॉगला पुन्हा विचारलं. आता सगळं आलं, डेटाबेसचं आपलं सगळं खटलं. पीजी_इंडेक्स, पीजी_इनहेरिट्स, पीजी_इशारा, पीजी_लँग्वेज. घरच्यांच्या पंगतीत बाहेरचा एक गुपचूप बसावा तसा तो बसलेला होता. इतके दिवस तिथेच होता. व्ह्यू उघडला तर पायलचं नाव, कोणतं रक्त चालणार नाही ते, आणि शेरा: ‘तपासणीत दिसत नाही. आईला सांगितले आहे.’

मिनल कागद घेऊन जिना चढत धावली. डॉक्टरांनी वाचला, रक्तपेढ्यांना फोन गेले, चालणारं रक्त एका ठिकाणी सापडलंही. पण शरीर आता कुठलंच रक्त ठेवून घेत नव्हतं. मूत्रपिंडं बंद पडली. दुसऱ्या दिवशी पायल गेली.

ट्रस्टच्या ऑफिसात बैठक झाली. कागदावर ‘आजारातील गुंतागुंत’ असं लिहायचं ठरलं. ते पूर्ण खोटंही नव्हतं, म्हणूनच सगळ्यांना सोयीचं वाटलं. ऋषिकेशने यादी तुमची होती असं एकदाच म्हटलं. मिनलला निक्षून सांगण्यात आलं, नातेवाइकांशी एक शब्द बोलायचा नाही, नोकरी प्यारी असेल तर. तिला नोकरी प्यारी होती. घरी वडिलांचं डायलिसिस सुरू होतं, ते याच दवाखान्यात, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत. तिने मान हलवली, खाली आली आणि पीजी_रक्त व पीजी_इशारा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून बसवले. जिथे जिथे यायला हवी तिथे लाल पट्टी आली. बाकीचे पेशंट तरी वाचतील असं ती स्वतःशी म्हणाली, आणि त्या ‘तरी’ची तिला लाज वाटली.

भीमाबाई आणि देवाजी पायलचे कागद न्यायला आले. रेकॉर्डची खिडकी बंद होती म्हणून त्यांना कॉम्प्युटर विभागात पाठवलं. देवाजी दाराशीच भिंतीला टेकून उभे राहिले. बायकोकडे बघत नव्हते. यमुताईने मिनलला सकाळीच सांगितलं होतं की घरी सगळे बाईलाच बोलतात: कार्ड तिने सांभाळलं नाही, दवाखान्यात तिने नीट सांगितलं नाही, पोरगी तिच्या हाताने गेली. बाई उलटून बोलतही नाहीत. हो म्हणतात.

कागद छापायला पायलचं पान उघडावं लागलं. उघडलं, आणि डोक्यावर लाल पट्टी उमटली. मिनलला स्क्रीन फिरवून घेता आला असता. तिचा हात तिथवर गेलाही.

भीमाबाई पुढे झाल्या. बोट ठेवून त्यांनी वाचलं, “थां-बा.”

“हेच लाल व्हय ना वं?”

“हो मावशी.”

“मंग त्या दिवशी काहून नव्हतं?”

प्रिंटर कागद ओढत होता. मिनलला बैठक आठवली, वडिलांची खाट आठवली. सांगायची कितीतरी उत्तरं तिच्यापाशी होती. कॅटलॉग, कप्पे, व्ह्यू, नवं सॉफ्टवेअर. बाईंना त्यातलं काही कळलं नसतं आणि ती सुटली असती.

“होतं, मावशी,” ती म्हणाली. “त्या दिवशीही होतं. माझ्याकडून गळलं. तुम्ही बरोबर सांगत होता, मी चुकले.”

आता शिव्या येतील, केस धरतील, म्हणून ती बसून राहिली. तसं काहीच झालं नाही. भीमाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्या मागे वळल्या, दाराशी गेल्या आणि देवाजींच्या बाहीला धरून त्यांना आत, स्क्रीनसमोर घेऊन आल्या.

“पाहा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मी सांगतलं होतं. मी नव्हती चुकली.”

देवाजींना वाचता येत नव्हतं. ते लाल पट्टीकडे बघत राहिले, आणि भीमाबाई त्यांची बाही धरून पहिल्यांदाच रडायला लागल्या.